बैलपहाडीवरची गिनती

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला धरायला नको. भूत, चकवा, करणी, भानामती — यातलं काहीही मी मानत नाही. गोंदियातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवते. मुलं चकव्याच्या गोष्टी घेऊन आली की मी फळ्यावर आकृती काढून दाखवते. डोळ्यांसमोर खूण नसली की माणूस सरळ चालत नाही, गोल फिरून त्याच जागी येतो आणि मग बिचाऱ्या चकव्याच्या नावावर बिल फाडतो. या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर हसायला वाचते. आता स्वतःच लिहायला बसले आहे, तेव्हा तुम्हीही हसून घ्या... माझी हरकत नाही.

आमची एक छोटी टोळी आहे. मी, मुर्रीला राहणारी माझी मैत्रीण शोभा — ती नर्स आहे — तिचा नवरा सुधाकर, आणि कापड दुकानवाले अगरवालजी, ज्यांना डॉक्टरने चालायला सांगितलं म्हणून ते चालतात आणि वाटेत खाऊन सगळं भरून काढतात. हिवाळ्यात महिन्यातून एकदा आम्ही नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानाकडे जातो. सकाळी निघायचं, दिवसभर चालायचं, संध्याकाळी घरी. पार्काच्या आत पायी फिरू देत नाहीत, तिथे गाडीतच बसावं लागतं. पण कडेच्या पहाड्यांवर गावचा गाइड घेऊन जाता येतं. पुण्याकडच्या लोकांना आमच्या पहाड्यांना डोंगर म्हणताना हसू येईल. येऊ दे. सागाच्या पाचोळ्यावरून चार तास चढून दाखवा, मग बोलू.

कुठली वाट घ्यायची हे ठरवण्याचं काम माझ्याकडे. त्यासाठी माझी एक वही आहे आणि त्या वहीवरून टोळीत माझी भरपूर टिंगल होते. प्रत्येक वाटेचं एक पान. सावली किती, पाणी कुठे, चढ कसा, वाटेत फाटे किती, आणि अर्ध्यावर कुणाचं पोट बिघडलं तर रस्त्याला लागायला किती वेळ लागेल. लोक वाट निवडतात ती वरून काय दिसतं यावर. मी म्हणते, वरून सगळीकडून जंगलच दिसतं. वाट निवडायची ती सोबत कोण आहे ते बघून. गुडघेवाल्याला उतार वाईट, दमेवाल्याला चढ वाईट आणि अगरवालजींना टपरी नसलेली कुठलीही वाट वाईट.

मागच्या डिसेंबरात सोबत बाबूजी येणार होते. बाबूजी म्हणजे माझे वडील, वय पंच्याहत्तर. आयुष्य कामठ्याला धानाच्या शेतीत आणि धानाच्या खरेदी-विक्रीत गेलं. आता मुर्रीला माझ्या धाकट्या भावाकडे, विलासकडे असतात. तब्येत माझ्यापेक्षा चांगली, पाय अजून पक्के. पण दोन वर्षांपासून विसरणं सुरू झालं आहे. आधी नावं गेली, मग वार गेले. पावसाळ्यात एकदा ते दुपारी घरातून निघाले ते कामठ्याच्या रस्त्यावर सापडले. पायात चप्पल नाही, आणि कुठे निघालो होतो ते सांगता येईना. तेव्हापासून विलासने फाटकाला कडी लावली.

त्या कडीमुळे मी इरेला पेटले. माणसाला असं कोंडून ठेवलं तर उरलेलंही जाईल, हे माझं म्हणणं. विलासचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्याने आमच्या गावच्या पद्धतीने सांगितलं.

"ताई, तू एक दिवस नेऊन राहिली. रोज सांभाळाचं मले हाय. काही झालं तं मले तोंड दाखवू नोको."

मी म्हटलं, काही होत नाही. वही उघडून त्याला तिन्ही वाटा समजावून सांगितल्या. तलावाच्या काठाची वाट सपाट, पण पाण्याजवळ मला बाबूजींना न्यायचं नव्हतं. मचाणाची वाट छोटी, पण शेवटी खडकाच्या पायऱ्या. तिसरी बैलपहाडी — चढ सौम्य, सावली भरपूर आणि पूर्ण वाटेत एकच फाटा. चुकायला जागाच नाही, असं मी त्याला म्हटलं. विलासने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. पण सकाळी बाबूजींना स्वेटर घालून, बूट बांधून गाडीजवळ त्यानेच आणून सोडलं.

पायथ्याच्या गावातून मंसाराम नावाचा गाइड घेतला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. आम्ही सहा जण झालो. शाळेच्या सहलीची सवय म्हणून मी निघतानाच प्रत्येकाला नंबर दिला. त्या वाटेवर बांबूची बेटं इतकी दाट आहेत की दोन माणसांपलीकडचा तिसरा दिसत नाही, म्हणून मी "गिनती!" म्हटलं की ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. बाबूजी सगळ्यांत मोठे, त्यांचा नंबर एक. शोभा दोन, सुधाकर तीन, मी चार, अगरवालजी पाच, मंसाराम सहा.

पण बाबूजी काही "एक" म्हणेनात. ते म्हणाले, "लाऽभ."

अगरवालजींना वाटलं, विसरले. विसरले नव्हते. आमच्याकडे धानाची रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. कुडो म्हणजे आमचं धानाचं लाकडी माप. पहिला कुडो ओतला की "लाभ" म्हणायचं आणि मग दोन, तीन असं पुढे. रास मोजायला बसलेल्या माणसाने मोजणी पुरी होईपर्यंत उठायचं नाही, हा बाबूजींचा नियम. आम्ही लहान असताना ते मोजायला बसले की घरात कुणी त्यांना हाकसुद्धा मारत नसे. लेकीचं नाव आठवायला हल्ली त्यांना वेळ लागतो, पण हे पक्कं होतं. मला इतका आनंद झाला की मी मंसारामला उगाचच सांगितलं, बघा, सगळं आहे डोक्यात. तो म्हणाला, असतेच न.

तासाभरात फाट्यावर पोचलो. तिथे एक जुनं मोहाचं झाड आहे, खाली दगड पडलेले. थर्मासमधला चहा झाला. निघताना मी गिनती घेतली — लाभ, दोन, तीन, चार, पाँच, सहा. सगळे समोर उभे होते, मी डोळ्यांनी पाहिले. उजवीकडची वाट धरली. मंसाराम पुढे, त्याच्यामागे मी, मग अगरवालजी, आणि मागे शोभा-सुधाकरच्या मधे बाबूजी.

यानंतर जे झालं ते मला दुपारनंतर कळलं, पण वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून आत्ताच सांगते. झाडापासून वीस पावलं गेल्यावर बाबूजी थांबले आणि सुधाकरला म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी येऊन राहिलो. सुधाकरला वाटलं लघवीला जायचं असेल. वडीलधाऱ्या माणसाजवळ उभं राहणं बरं दिसत नाही, म्हणून तो आणि शोभा पुढे आले आणि रेंगाळत चालले. थोड्या वेळाने मी गिनती पुकारली, "लाभ" आलं, आणि दोघं निश्चिंत झाले. सुधाकरची यात चूक नाही. मी असते तर मीही तेच केलं असतं.

पहिली गिनती बांबूच्या वळणावर. मी ओरडले, "लाऽभ" आलं, लांबवून, राशीवर म्हणतात तसं. मग दोन, तीन.

दुसरी कोरड्या नाल्यात. तिथे एक गंमत झाली. लाभ, दोन, तीन, मी चार म्हटलं आणि पाच काही येईना. अगरवालजींच्या तोंडात फुटाणे होते, त्यांना असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी. मंसारामने पुढून पहिल्यांदाच काही विनोद केला. "पाचवा कुडो सांडला," म्हणाला. आम्ही सगळे हसलो. मग अगरवालजींचं "पाँच" आलं आणि मंसारामचं सहा.

तिसरी गिनती माथ्याच्या जरा खाली. चढ संपत आलेला, मला घाम आलेला, तरी मन खुशीत. वाट बरोबर निवडली होती. लाभ, दोन, तीन, चार, पाँच, सहा.

माथ्यावर मोठा सपाट खडक आहे. बसून डबे काढले. बाबूजींचा कमी मिठाचा डबा मी वेगळा आणला होता. तो उघडला, लिंबाची फोड काढून बाजूला ठेवली आणि द्यायला वळले.

बाबूजी नव्हते. खडकावर आम्ही पाचच होतो.

पहिलं मिनिटभर कुणालाच काही वाटलं नाही. आत्ता तर बोलले, असतील मागेच. सुधाकर वळणापर्यंत जाऊन आला आणि त्याचा चेहरा बघूनच मला कळलं. त्याने मला विचारलं, ते बांबूच्या आडून पुढे तुमच्याजवळ आले होते ना? मी शोभाला विचारलं, तुझ्या मागे होते ना? ती म्हणाली, हो, आवाज माझ्या मागूनच आला. अगरवालजी म्हणाले, नहीं मॅडम, मेरे बाजूसे आया था. मला विचाराल तर... तो आवाज मला इतका जवळून आला होता की मागे वळायची गरजच वाटली नाही.

मंसाराम तोवर उतरायला लागलाही होता. आम्ही मागे धावलो. चालताना नाही, धावताना कळतं पाचोळा किती घसरतो. अस्वलं त्या भागात आहेत, सगळ्यांना माहीत आहे. पण मला अस्वलाची भीती वाटली नाही. मला डोळ्यांसमोर दिसत होता तो कामठ्याचा रस्ता आणि बाबूजींचे अनवाणी पाय. ते चालायला लागले असतील तर थांबणार नाहीत, पाय पक्के आहेत, आणि या जंगलाला फाटकही नाही. फोनला रेंज नव्हती. असती तरी मी विलासला फोन केला नसता, हे मला धावताधावताच कळलं आणि स्वतःची घाण वाटली. मी "बाबूजी, बाबूजी" ओरडत होते. गिनती पुकारावी हे मला सुचलं नाही. शोभाने सुचवलं, तर मी तिच्यावर खेकसले. परत लाभ आलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे.

जायला तास-सव्वा तास लागला होता. उतरायला निम्मा वेळ लागला असेल.

बाबूजी फाट्यावरच होते. मोहाच्या झाडाखाली दगडावर ताठ बसलेले, बूट काढून नीट जोडीने बाजूला ठेवलेले. राशीजवळ पायातलं काढून बसतात तसे. आम्हाला बघून त्यांनी हात वर केला, थांबा म्हणून. मी जवळ जाऊन त्यांचे खांदे धरले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं,

"झाली का पुरी?"

मी विचारलं, काय?

"मोजनी. लाभ म्हनलं मी. तुमचे आकडे येऊन राहिले होते. मोजनी चालू असताना उठाचं कसं?"

मी रडायला लागले. शोभाने नाडी बघितली, पाणी दिलं; ते एकदम ठीक होते, फक्त भूक लागली होती. मी विचारलं, तुम्हाला आमचा आवाज येत होता? तर म्हणाले, न यायला काय झालं, इथंच तर होते तुम्ही सगळे. मग त्यांचं लक्ष अगरवालजींकडे गेलं.

"या शेठले पानी द्या. मघानी लय ठसका लागला याले." आणि जरा रागावून पुढे म्हणाले, "कोनीतरी म्हने पाचवा सांडला. माझ्या हातून कधी कुडो सांडला नाई."

मंसाराम बाबूजींचे बूट उचलून त्यांच्या पायात घालत होता. त्याने वर पाहिलं नाही.

नाल्यात ठसका लागला तिथपासून हे झाड किती दूर आहे ते मी नंतर मोजलं. हो, मी परत गेले. दोन रविवारांनी, फक्त सुधाकर आणि मंसारामला घेऊन, शाळेतली पीटीची शिट्टी घेऊन. सुधाकर झाडाखाली बसला आणि ठरल्या वेळी ओरडला, मग शिट्टी वाजवली. बांबूच्या वळणावर शिट्टी कशीबशी ऐकू आली, ओरडणं नाही. नाल्यात काहीच नाही. माथ्याखाली तर प्रश्नच नव्हता. मधे पहाडीचं अख्खं अंग आडवं येतं, वारा उलटा होता, प्रतिध्वनी यायला समोर कडा नाही. मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं आहे, ज्याला तपासायचं त्याने यावं.

आम्हाला "लाभ" ऐकू आलं याचं एक उत्तर मी स्वतःला देऊ शकते. कान जे ऐकायला बसलेले असतात ते ऐकतात. पाच जणांचे कान, तीन वेळा... ओढूनताणून का होईना, पण म्हणू या. मात्र बाबूजींनी नाल्यातला ठसका कसा ऐकला? मंसारामचा विनोद कसा ऐकला? तिथे माझं शास्त्र खुंटतं.

मी मंसारामला खोदून विचारलं, या पहाडीवर असं काही होतं का, काही जुनी गोष्ट, कुणी गेलेलं, कुठला देव. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच अडाणी.

"नाई मॅडम. येथी असं काही नाई होत," म्हणाला.

बाबूजी सापडले त्या रात्रीचं सांगायचं राहिलं. म्हणजे तशी संध्याकाळच होती, सात वाजले असतील. बाबूजींना मुर्रीला सोडलं. लपवायचं असतं तर लपवता आलं असतं; ते स्वतः काही सांगणार नव्हते, गाडीतच सगळं विसरले होते. पण मी विलासला अंगणात बसवून सगळं सांगितलं, हरवणं, आवाज, ठसका, सगळं. तो भांडेल याची मी तयारी करून आले होते. तो भांडला नाही. आतून बाबूजींचा जेवताना ताट सरकवल्याचा आवाज येत होता आणि विलास दर दोन मिनिटांनी मान वळवून दारातून आत बघत होता. मी सांगत असतानाही बघत होता. त्याला ते कळतही नसावं.

ही गोष्ट आजवर मी ज्याला ज्याला सांगितली त्याने मला एकच विचारलं, आवाज कुणाचा होता? विलासने ते विचारलं नाही. तो म्हणाला,

"आवाज आला तं आला. पन तू मांगं वळून पाह्यलं काऊन नाई?"

आवाज कुणाचा होता ते मला आजही माहीत नाही, आणि आता माहीत होईल असं वाटतही नाही. विलासच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. ते मी त्याला अजून दिलेलं नाही.